नान न मोडणारा पाहुणा

बिश्केक, ९ जून २०२३

बुरुल एजे,

आधी खाली बस. हातात दुधाची बादली असेल तर ती ठेव, नाहीतर सांडशील आणि खापर माझ्यावर फोडशील. एजे, तुझ्या भावाला मालिकेत काम मिळतंय. बारा भागांची मालिका, नाव 'उंबरठा'. आणि या वेळी मी नोकर नाही, ड्रायव्हर नाही, पहिल्याच भागात सापडणारं प्रेतही नाही. मी खुनी आहे. खून सात, आणि सातही माझ्याच हातचे.

बारा वर्षं मी बालनाट्यात लांडगा झालो. डिसेंबरात कापसाची दाढी लावून हिमआजोबा झालो आणि उरलेल्या दिवसांत लोकांच्या लग्नात माइक धरून वधूवरांना चारोळ्या ऐकवल्या. छत्तिसावं सरत आलं तेव्हा कुणीतरी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. दिग्दर्शिका आहे, पेरिझात नावाची, वयाने माझ्याहून लहान, पण तिच्यासमोर मी आपोआप सरळ बसतो. ती म्हणाली, "एसेनकुल दादा, चेहरा मिळालाय. त्याच्या आतला माणूस अजून मिळाला नाही. चौदा जुलैला शेवटची चाचणी घेते, तोवर तो घेऊन या." मी नाही आणला तर अल्माटीचा एक नट बॅग भरून तयार बसलाय म्हणे. त्याचा फोटो मी पाहिला. मेल्याचे डोळे जन्मजात भीतिदायक आहेत.

आता ऐक, माझा माणूस कसा आहे. नाव दोरोन. विजेचं मीटर वाचायला घरोघरी जातो. एकट्या म्हाताऱ्या बायका त्याला बसवतात, चहा पाजतात. हा पोटभर नान खातो, वर जर्दाळूचा मुरंबा मागून घेतो, त्यांच्या नातवंडांची चौकशी करतो आणि मग गळा दाबतो. मी रोज आरशासमोर पापणी न हलवता बघायचा सराव करतोय. काल घरमालकीण आली, मला बघून आपलं मांजर उचललं आणि मुकाट्याने निघून गेली. म्हणजे थोडंफार जमतंय असं दिसतं. नान खाण्याचा सरावही चालू आहे, त्यात मात्र मी आधीपासूनच तयार आहे.

तुझ्याकडे एक मागणं आहे. तू आयुष्यात पाहिलेला सगळ्यांत भीतिदायक माणूस कोण? मला सांग, कसा बसायचा, कसा बोलायचा, सगळं. वर कुरणावर फोन लागत नाही हे बरंच आहे, नाहीतर तू दोन वाक्यांत उडवून लावलं असतंस. साटारकडे हे पत्र देतोय. तो दर आठवड्याला तुमच्याकडे पीठ घेऊन चढतोच, उत्तर त्याच्याबरोबर पाठव.

आणि एक गोष्ट जेझदेंना, तुझ्या नवरोबांना, सांगू नकोस, ते मेहुण्याला आयुष्यभर टोमणे मारतील. मी थिएटरची नोकरी सोडली. चाचणीत नापास झालो तर मला परत लांडगासुद्धा होता येणार नाही.

तुझा एसेन

---

सोन-कुल, १७ जून

एसेन बाळा,

नोकरी सोडलीस. आधी सोडलीस आणि मग सांगतोस. लहानपणी असाच घोड्यावर आधी चढायचास आणि मग उतरवा म्हणून रडायचास. तुझ्या जेझदेंना मी काही सांगितलेलं नाही. साटारनेच सांगितलं. तो तुझी पत्रं वाचत नाही, पण तू ती देताना तोंड बंद ठेवत नाहीस.

तरी खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी घोडीचं दूध काढायचं सोडून तीन तंबूंत जाऊन सांगून आले. कालिपा आपा म्हणाली, "अगं बाई, त्याला दुसरं काहीच काम मिळालं नाही का?" मी म्हटलं, आपा, हे मोठं काम आहे, नायकापेक्षा मोठं. ती म्हणाली, तर मग सात जणांच्या नावाने सात भाकऱ्या तळून वाट, दोष लागायला नको. मी सात तळल्या. निम्म्या तिनेच खाल्ल्या.

भीतिदायक माणूस विचारतोस. शाळेतले हिशेबाचे मास्तर होते, ते आठवतात. आमचा पांढरा मेंढाही कमी नाही. आरशासमोर डोळे फाडणं मात्र बंद कर. डोळे फाडणाऱ्याला कुणी घरात घेत नाही, आणि तुझ्या माणसाला तर सात घरांत शिरायचंय.

आणि ते नानाचं काय लिहिलंस? ज्याने कुणी हे लिहिलं त्याला आईने वाढवलं की हॉटेलने? आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला आपण काय म्हणतो? घाई असली तरी नानाचा तुकडा मोड, तोंडाला लाव आणि जा. ज्याने तो तोंडाला लावला तो त्या घराचं वाईट करू शकत नाही. चोरसुद्धा खाल्ल्या मिठाला जागतो. तुझा दोरोन पोटभर खाऊन गळा दाबतो? हे बघून अख्खं कुरण हसेल.

असा माणूस नान खात नाही. आपण जेवणाचा दस्तरखान पसरतो, तो उजवा हात छातीवर ठेवतो, थोडा वाकतो आणि गोड हसून म्हणतो, पोट भरलंय, बहिणी. चहाही घेत नाही. मीठ आहे त्यात.

मला कसं माहीत ते विचारू नकोस. माहीत आहे. सोबत वाळवलेल्या दह्याचं कुरुत पाठवतेय, दाताने फोडू नकोस, चघळ.

तुझी एजे

---

बिश्केक, २५ जून

एजे, माझी सोन्यासारखी एजे,

आज तू इथे असतीस तर मी तुला खांद्यावर घेऊन चौकात नाचलो असतो. काय झालं ते क्रमाने सांगतो, मध्ये उड्या मारू नकोस.

तुझं पत्र मी पेरिझातला वाचून दाखवलं. मेंढ्याचं गाळलं. लेखक एल्दियार तिथेच होता, परदेशात शिकून आलेला पोरगा, कानात सतत काहीतरी घातलेलं असतं. तो हसला. म्हणाला, मानसशास्त्रात असं नसतं, खुन्याला नियम नसतात, भूक असते. पेरिझातने शारिपा आपांना बोलावलं. पंच्याहत्तर वर्षांच्या, पन्नास वर्षं रंगभूमीवर काढलेल्या. त्यांना फक्त एवढंच सांगितलं, मीटरवाला आलाय, नेहमीसारखं करा.

त्यांनी नान पुढे केला. मी उजवा हात छातीवर ठेवला, थोडा वाकलो आणि हसलो. "पोट भरलंय, आपा."

त्या म्हणाल्या, अरे, नुसता तोंडाला लाव. मी परत हसलो. तिसऱ्यांदा त्यांनी नान पुढे केला आणि पुढची वाक्यं त्या साफ विसरल्या. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. नंतर मला म्हणाल्या, मला माहीत होतं हे नाटक आहे, तरी वाटलं याला आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढावं. एल्दियारने कानातलं काढून खिशात ठेवलं. आता सगळे भाग तो नव्याने लिहितोय. शोध घेणारी बाई खुन्याला यावरूनच पकडणार. प्रत्येक घरात दस्तरखान मांडलेला, चहा ओतलेला आणि नान अख्खा.

पण चाचणी अजून टळलेली नाही. पेरिझातने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "तो काय करत नाही ते कळलं. पण का करत नाही? नान नाकारताना त्याच्या मनात काय चाललेलं असतं? तुम्ही आत्ता फक्त हात छान ठेवलात." रात्रंदिवस तेच डोक्यात फिरतंय. राग असेल? घृणा असेल? मी रागाने नाकारून बघितलं, शारिपा आपा म्हणाल्या, आता तू पोटदुखीवाला वाटतोस.

म्हणून परत तुझ्याकडे आलो. "बहिणी" असं कोण म्हणालं तुला? हात छातीवर ठेवून कोण वाकलं? मला वाटतं मी ओळखलं. नारिनचा तो दात पुढे असलेला घोडेवाला, जो तुला मागणी घालायला आला होता आणि ज्याला अब्बांनी परत पाठवलं. तोच ना? लाजू नकोस, आता तुला नातवंडं आहेत. सगळं लिही.

तुझा एसेन

---

सोन-कुल, १ जुलै

एसेन,

तो नव्हता. तो बिचारा तीन नान खाऊन गेला होता.

मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं. चिठ्ठीला चिठ्ठी लावून मला खणू नकोस. इथे कामं पडलीत, दोन शिंगरं लंगडतायत, लोकर कातरायची आहे आणि कात्रीला धार नाही.

एवढंच लिहिते, कारण तुझी नोकरी गेलीय. राग नसतो त्याच्यात. घृणाही नसते. तो खूश असतो. स्वतःवर खूश. त्याला वाटतं आपण सज्जन आहोत.

तुला ठिपक्यांची घोडी आठवते का? आठवत नसेल तर चांगलंच आहे. 

एजे

---

बिश्केक, ६ जुलै

एजे,

साटार खाली गाडीचा हॉर्न वाजवतोय, पण हे लिहिल्याशिवाय मी त्याला सोडणार नाही. त्याला समोसे घेऊन दिलेत, ते संपेपर्यंत मला वेळ आहे.

घोडी आठवत नव्हती. आता थोडी आठवतेय. कसं ते सांगतो.

एल्दियारने शेवटच्या भागात एक प्रसंग लिहिलाय. आठवं घर. तिथे म्हातारी नाही, तरुण आई आहे आणि तिची सहा वर्षांची मुलगी. दोरोन नान नाकारतो, आणि ती पोर खेळता खेळता नानाचा तुकडा थेट त्याच्या तोंडात कोंबते. चौदा तारखेला चाचणी याच प्रसंगाची आहे. काल नुसती तालीम होती. शारिपा आपांची नात ती भूमिका करतेय, एक दात पडलेला, भारी धीट. तिने तुकडा माझ्या तोंडात घातला आणि एजे, माझ्या अंगावर काटा आला. दोरोनच्या नाही, माझ्या.

मला माझंच बोट आठवलं. माझं बोट कुणाच्या तरी तोंडात. वर मिशी, ओली, तंबाखूचा वास. आणि पाठीवर कुणाचा तरी हात, तापलेल्या तव्यासारखा गरम. मी मधेच थांबलो. पेरिझात म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, नान घशात अडकला.

हे स्वप्न आहे का? तू मला कधी सांगितलेल्या गोष्टीतलं आहे का? की झालेलं आहे? ठिपक्यांची घोडी हरवली होती, अब्बा तिला शोधायला गेले होते आणि आपण दोघंच होतो, एवढं मला आता आठवतं. मी भूमिकेसाठी विचारत नाही, एजे. म्हणजे भूमिकेसाठीही विचारतोय, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त मला माझं बोट परत हवंय.

साटारचे समोसे संपले.

एसेन

---

सोन-कुल, ८ जुलै

एसेन बाळा,

साटारला मी आज मुक्कामाला ठेवून घेतलंय. सकाळपासून लिहितेय. दोन पानं फाडली. हे आता फाडणार नाही.

झालेलं आहे. १९९२ चा उन्हाळा. आईला जाऊन सहा महिने झाले होते. मी एकोणीस वर्षांची, तू पाच. अब्बा घोडी शोधायला दोन दिवस गेले होते. दुपारची वेळ, ऊन चांगलं पडलेलं. एक माणूस चालत आला. कुरणावर चालत कोण येतं? बूट शहरी, स्वच्छ पुसलेले. सलाम केला, उंबरठ्यावर पाय न ठेवता आत आला, सगळं अगदी रीतीने. मी दस्तरखान पसरला, नान पुढे केला. त्याने छातीवर हात ठेवला. पोट भरलंय, बहिणी.

घोडीच्या दुधाचं कुमिस दिलं, घेतलं नाही. चहा ओतला, तो त्याच्यासमोर थंड झाला. त्याने विचारलं, वडील कधी येतील? शेजारचा तंबू किती लांब? कुत्रा कुठे आहे? प्रत्येक प्रश्न इतका मऊ विचारला की मी उत्तरं देत गेले. आणि मग मला दिसलं की तो नानाकडे बघतच नाहीये. भुकेला होता तो, एसेन. चालून आला होता, गालफडं बसली होती, आवंढा गिळत होता. तरी खात नव्हता. तेव्हा मला कळलं की हा खात का नाही. हा स्वतःला मोकळा ठेवतोय.

पळावं तर तुला घेऊन किती लांब पळणार? ओरडावं तर ऐकायला कोण होतं? मला एकच सुचलं. तू तेव्हा सगळ्यांना भरवायचास. कुत्र्याला, शिंगराला, अब्बा झोपलेले असले तर त्यांना. तो तुझा खेळ होता. मी तुझ्या हातात तुकडा दिला आणि कानात सांगितलं, काकांना भरव, तोंड उघडलं की आत टाक.

तो परत नाही म्हणायला तोंड उघडत होता. तू टाकलास.

तोंडात गेलेला नान थुंकता येत नाही. आपल्याकडे जमिनीवर पडलेला तुकडासुद्धा आपण उचलून कपाळाला लावतो, आणि तो तर आपल्यापेक्षाही जास्त रीत पाळणारा होता. तो तसाच बसून राहिला, तुझं बोट त्याच्या दातांत. मग त्याने चावला. गिळला. तोंड पुसलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचं काहीतरी चोरलंय. म्हणाला, "तुझं मीठ खाल्लं मी, पोरी. आता काय करणार." उठला आणि चालत गेला. 

थंडीत अब्बांनी बाजारातून चहा आणला, तो वर्तमानपत्रात बांधलेला होता. त्यात त्याचा फोटो. चार घरं, एसेन. चारही ठिकाणी दस्तरखान मांडलेला. आणि न्यायालयात तो म्हणाला होता, ज्या घरचा नान मी खाल्ला त्या घराला मी बोटही लावलं नाही, कुणालाही विचारा. हे त्याने अभिमानाने सांगितलं होतं. तेच तुझ्या पेरिझातला सांग. एक नियम पाळतो आणि त्याच्या बदल्यात बाकी सगळं स्वतःला माफ करतो. नान नाकारताना त्याला वाटतं, बघा, मी किती प्रामाणिक आहे.

मी कुणालाच सांगितलं नाही. एकटी पोरगी आणि परका पुरुष अर्धी दुपार एका तंबूत, लोकांनी काय म्हटलं असतं ते तुला माहीत आहे. पण गप्प बसण्याचं खरं कारण ते नव्हतं.

खरं कारण हे की मी तुला पुढे केलं. मी एकोणीस वर्षांची घोडी, आणि पाच वर्षांच्या पोराला त्या माणसाच्या तोंडाशी पाठवलं. त्याचा हात आधी तुझ्यापर्यंत पोचला असता. मरताना आईने माझ्या हातात तुझा हात दिला होता, आणि मी तुझ्या आड लपले. एकतीस वर्षं तू मला एजे म्हणतोस आणि प्रत्येक वेळी मला तेच आठवतं.

आता तुला कळलं. काय वाटायचं ते वाटू दे.

बुरुल

---

सोन-कुल, २८ जुलै

एसेन,

साटार तीनदा आला. पीठ आणलं, मीठ आणलं, पत्र नाही. तो म्हणतो तू घरी सापडत नाहीस. चाचणीचं काय झालं तेही मला कळलेलं नाही, आणि विचारायला मला तोंड नाही.

रागावला असशील तर तसं लिही. शिव्या घातल्यास तरी चालेल. कोरा कागद पाठवलास तरी चालेल.

एजे

---

बिश्केक, २ ऑगस्ट

एजे, एजे, एजे,

राग कसला आणि शिव्या कसल्या. मी गाढव आहे. रोज लिहायला बसत होतो आणि रोज वाटत होतं, अजून नाही, आधी तो प्रसंग पुरा होऊ दे, मग एकदम लिहीन. इथे मी आनंदाने उड्या मारत होतो आणि तिकडे तू माझ्या गप्प बसण्याचा भलताच अर्थ लावत होतीस, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. तुझी चिठ्ठी आल्यावर स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

आधी बातमी. भूमिका माझी आहे. पक्की. अल्माटीवाल्याने बॅग रिकामी केली.

चौदा तारखेला मी काहीच केलं नाही, एजे. डोळे नाही, आवाज नाही. फक्त मनात म्हणत राहिलो, बघा मी किती चांगला माणूस आहे, तुमचा नान खाऊन तुम्हाला फसवत नाही. आणि हसलो. कॅमेरा बंद झाल्यावर पेरिझात माझ्याजवळ आली आणि अर्ध्या आवाजात म्हणाली, "हा माणूस मला आवडला, आणि याचीच मला भीती वाटते." एल्दियारने पाणी आणून दिलं, पण ग्लास टेबलावर ठेवला, माझ्या हातात दिला नाही.

आता मुख्य गोष्ट ऐक. तोच प्रसंग गेल्या आठवड्यात खरा चित्रित केला. पेरिझातने आईचं काम करणाऱ्या नटीला दाराशी उभं केलं, चुलीमागे, आणि पोरीला सांगितलं, तू एकटी जा. पोरगी दोन पावलं आली आणि मागे वळून बघितलं. परत केलं, परत तेच. सहा वेळा. एवढी धीट पोर, पण माझ्याकडे एकटी येईना. पेरिझात वैतागली. मी म्हटलं, आईला तिच्याबरोबर येऊ दे, पाठीवर हात ठेवून. तसं केलं, आणि पोरगी सरळ चालत आली.

मी त्याच्या जागेवर बसलो होतो, एजे. त्याला जे दिसलं ते मला दिसलं. पोरीचा चेहरा माझ्यासमोर, आणि त्याला जवळजवळ चिकटून वर तिच्या आईचा. माझा हात दोघींपर्यंत सारखाच पोचत होता. आधी एक आणि मग दुसरी असं काही नव्हतं.

पाठीवरचा तो हात मी तुला सहा जुलैलाच लिहिला होता. गरम, तव्यासारखा. तो हात तोंडात तुकडा जाईपर्यंत सुटला नाही, आणि त्याने माझं बोट दातांत धरलं तेव्हाही सुटला नाही. पाच वर्षांचं पोर बाकी सगळं विसरलं, पण तो हात विसरलं नाही. जो आड लपतो त्याचा हात पाठीवर येत नाही. तू माझ्या मागे नव्हतीस. तू माझ्याबरोबर चालत आली होतीस, आणि त्याच्यासमोर आपण दोघं बसलो होतो.

आणि अजून एक आठवलं, ते तू तुझ्या पत्रात लिहिलेलं नाहीस. माझ्या कानाला काहीतरी गार लागत होतं. लोखंडी. लोकर कातरायची कात्री होती ना ती, तुझ्या दुसऱ्या हातात? ती का लपवलीस?

तुझा, तुझाच एसेन

---

कोचकोर, ३ नोव्हेंबर

एसेन बाळा,

आम्ही खाली गावात उतरलो आहोत आणि फोन लागतो, पण हे फोनवर बोलायचं नाही. तुझं ऑगस्टचं पत्र मी इतक्या वेळा वाचलंय की घडीवर फाटलं. सगळ्याचं उत्तर लगेच दिलं, एकाचं दिलं नव्हतं. ते आज देते.

आधी काल काय झालं ते ऐक. तुझा पहिला भाग होता. आमच्या खोलीत चौदा माणसं, दोघं पलंगावर, बाकी जमिनीवर. तू दारात आलास, वाकलास, हसलास. शारिपा आपांनी नान पुढे केला आणि तू हात छातीवर ठेवलास. कालिपा आपा उठून उभी राहिली, टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाली, "खा रे मेल्या, तोंडाला तरी लाव." तू खाल्ला नाहीस. ती इतकी घाबरली की आज सकाळी आमच्या विजेचं मीटर वाचायला माणूस आला, तर तिने त्याला धरून अख्खा नान खायला लावला. तो बिचारा पाणी मागत होता. जेझदे काल तीन जणांना सांगत होते की हा माझा मेहुणा, आणि सकाळी दुकानात मुद्दाम दोनदा जाऊन आले.

आता कात्री.

होती. धार लावलेली, नवी. मी लिहिलं नाही, कारण तो पाहुणा होता. माझ्या छपराखाली, माझ्या दस्तरखानाशी बसलेला. त्याने अजून काहीच केलं नव्हतं, आणि मी कुठे मारायचं ते ठरवून बसले होते. इथे, कानाच्या खाली. मेंढीचं माहीत होतं, तेवढ्यावरून. भीतीने माझा हात गार पडला नव्हता, एसेन. म्हणून तो तुला इतका गरम लागला असेल. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला कसं कळलं, हे तू विचारत होतास ना? त्या घडीला माझ्याही मनात तेच चाललं होतं.

नान त्याच्या तोंडात गेला नसता तर कात्री गेली असती. त्याने गिळला, आणि आम्हा दोघांनाही कुणीतरी मनगटाला धरून मागे ओढलं. लोकांना वाटेल मी नानाने त्याला अडवलं. खरं तर त्या दिवशी तू तुझ्या चिमुकल्या हाताने आम्हा दोघांनाही भरवलंस.

आता मन हलकं झालं. कात्री अजून आहे, तिने मी आजही लोकर कातरते.

शूटिंग संपलं की सुट्टीला ये. मीटरवाल्यासारखा दारात उभा राहून वाकू नकोस, हसू तर मुळीच नकोस, कालिपा आपाचं काळीज अशक्त आहे. सरळ आत ये, बूट काढ, बोलायच्या आधी नान मोड आणि तोंडात घाल. मी समोर बसून बघणार आहे. गिळलास की मग तुला कुशीत घेईन.

तुझी एजे